एक चमचा विरजण

ऐक आधी. मध्ये मध्ये काही विचारू नकोस, शेवटी मीच तुला विचारणार आहे.

कराडची रोहिणी शेवाळे. साखर कारखान्यात काट्यावर असते. काटा म्हणजे तो जमिनीत बसवलेला वजनकाटा, ज्याच्यावर उसाने भरलेला अख्खा ट्रॅक्टर चढतो. हंगाम सुरू झाला की सकाळी आठ ते रात्री आठ, रविवार नाही, सण नाही. दारात ट्रॉल्यांची ही एवढी रांग. बाई इतकी मुरलेली, की ट्रॉली काट्यावर चढताना तिच्या टायरकडे बघून आकडा सांगते आणि मग स्क्रीन बघते. शे-दोनशे किलोंच्या पलीकडे चुकत नाही.

आणि या बाईचं स्वतःचं वजन त्रेचाळीस दिवस ब्याऐंशीवर अडकून बसलेलं.

तू म्हणशील, त्यात काय एवढं. तर तिला काही लग्नासाठी बारीक व्हायचं नव्हतं. तिचा धाकटा भाऊ सुजित, सत्तावीस वर्षांचा. त्याचं यकृत त्याच्याच शरीरानं खाऊन टाकत आणलेलं. डोळे पिवळे, नखं पिवळी. तो स्वतःच म्हणायचा, "हळद तर लागली मला. नवरी तेवढी शोधा आता." रोहिणीचं यकृत त्याला जुळत होतं. आईचं वय बसत नव्हतं, दुसरं कुणी नव्हतं. पण पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, तुमच्या यकृतात चरबी आहे, असा तुकडा काढला तर दोघंही जाल. आधी पंचाहत्तरच्या आत या. नऊ मार्चची तारीख धरतो. त्याच्यापुढे तुमचा भाऊ थांबेल असं आम्ही सांगू शकत नाही.

नव्वदवरून ब्याऐंशीपर्यंत ती झपाट्यानं आली. मग ठप्प. भाकरी दीडची एक केली, एकीची अर्धी केली. दोन ट्रॉल्यांच्या मधे काट्याभोवती चकरा मारायची. ट्रॅक्टरवाले चिडवायचे, "ताई, महिना झाला रस नको म्हणताय. आमच्यावर रुसलाय का?" ती म्हणायची, "तुमच्यावर नाही, काट्यावर." संध्याकाळी डोकं गरगरायचं, आणि सकाळी बाथरूममधला काटा परत ब्याऐंशी.

शेवटी पुण्याच्याच इस्पितळातल्या इनामदार मॅडमनी तिला बोलावून घेतलं.

"तुम्ही खाणं कमी केलं," त्या म्हणाल्या. "शरीराला वाटलं दुष्काळ पडला. मग ते कारभार आवरतं. हातपाय गार ठेवतं, आतली भट्टी मंद करतं, आलेला घास कोठारात टाकतं. तुम्ही जितकं ओढाल तितकी ते मूठ आवळणार."

"मग त्याला सांगायचं कसं, की दुष्काळ नाहीये?"

"निरोप पाठवायचा," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी एक बाटली पुढे केली. बाटलीत दही.

म्हणजे दिसायला दहीच. पण त्यातल्या जिवाणूच्या जनुकांमध्ये बदल केलेला होता. नाव ठेवलं होतं निरोप्या. हा आतड्यात ठाण मांडून बसतो आणि पोटाकडून मेंदूकडे जी नस जाते तिच्यावरून एकच निरोप पाठवत राहतो, कोठार भरलंय, काळजी नको. मेंदूचा विश्वास बसतो. भट्टी पेटते. माणसाला भूक बेताची लागते, थकवा येत नाही, आणि साठवलेलं बिनबोभाट जळत राहतं. बाटलीतलं एक चमचा दुधात घालायचं, झालेलं दही खायचं, त्यातलं चमचाभर उद्यासाठी ठेवायचं. अजून चाचणीच चालू होती. राज्यात एकशेनव्वद जण, सगळे रोहिणीसारखे, कुणाला मूत्रपिंड द्यायचं, कुणाला यकृत.

"एक अट आहे," मॅडम म्हणाल्या. "हे दुसऱ्या कुणाच्या पोटात गेलं, तर त्याच दिवशी मला कळवायचं. एक जरी असं झालं तरी चाचणी सगळीकडची बंद. सगळ्यांना उतारा, तुम्हालाही."

उतारा म्हणजे एक पांढरी पूड. दोन दिवसांत निरोप्या मरतो. त्याच्याशिवाय तो आपणहून जात नाही.

रोहिणीनं सही केली. दुसऱ्या दिवशी सव्वासातला पायात चपला सरकवताना तिनं आईला सांगितलं, "आई, निळ्या झाकणाच्या डब्यात माझं औषधाचं दही आहे. कुणाला खायला देऊ नकोस."

"बरं," आई म्हणाली. एवढंच बोलणं झालं. खाली कारखान्याची गाडी हॉर्न वाजवत होती.

आणि सुटलं की वजन. आठवड्याला सातशे ग्रॅम, अगदी मोजून. डिसेंबरच्या मध्यापासून आठ फेब्रुवारीपर्यंत ब्याऐंशीचे शहात्तर पूर्णांक दोन. आता फक्त सव्वा किलो, आणि हातात महिना. सुजितनं कॅलेंडरवर नऊ मार्चला पिवळ्या पेननं गोल केला. म्हणाला, "माझ्या रंगाचा."

आता खरं ऐक. आठ फेब्रुवारी, संध्याकाळचे साडेआठ. रोहिणी शिफ्ट करून आली तेव्हा खाली पार्किंगमध्ये सोसायटीची मीटिंग नुकतीच संपली होती. लिफ्टमध्ये सहा जण शिरले. ही, दुसऱ्या मजल्यावरचे पवार काका, तिसऱ्या मजल्यावरची सायली मुळीक आणि तिच्या सासूबाई, आणि चौथ्यावरचं कदम जोडपं. त्यांच्या लिफ्टला आत शिरलेल्यांचं एकूण वजन दिसतं. चारशेआठच्या वर गेलं की ती बोंबलते. आणि या सहा जणांना ती नेहमी बोंबलायची. मागच्या मीटिंगला असंच झालेलं, आकडा चारशेबारा, आणि पवार काका पोट सावरत बाहेर पडलेले, "जा बाबांनो, मी आहेच जिन्याचा."

या वेळी पवार काका सवयीनं दारापाशीच थांबले. लिफ्ट बोंबललीच नाही. दार बंद झालं.

आकडा तीनशेब्याऐंशी.

"बघा," काका म्हणाले, "सुधारली लिफ्ट."

सगळे हसले. रोहिणी हसली नाही. तिचं डोकं आपोआप चालायला लागलं होतं, दिवसभर तेच करते ना ती. भरलेल्यातून रिकामं वजा. तीस किलो कमी. त्यातले सहा माझे. मग बाकीचे चोवीस किलो गेले कुठं?

तिनं एकेकाकडे बघितलं. काकांचा पट्टा दोन भोकं आत. कदम वहिनींच्या बांगड्या कोपरापर्यंत घसरताहेत. आणि सगळे कसे टवटवीत. "हल्ली हलकं वाटतंय," वहिनी म्हणत होत्या, "एवढंसं खाल्लं तरी पुरतं बघा."

मग तिची नजर सायलीवर गेली. सायलीला सातवा महिना चालू होता. पहिलं बाळ पाचव्यात गेलेलं, हे दुसरं. तिचं वजन तर वाढायला हवं होतं. ओढणीच्या आत पोट जेमतेम दिसत होतं.

रोहिणी घरात शिरली ती चपला न काढताच.

"आई, माझ्या डब्यातलं दही कुणाला दिलंस?"

"कुणाला न्हाई. तू नको म्हणाली हुतीस ना."

"नक्की?"

"खायला कुणाला न्हाई दिलं," आई म्हणाली. भाजी चिरत होती, वरसुद्धा बघितलं नाही. "मुळीकांची सायली आलीती विरजण मागायला, नाताळच्या सुमारास. आपलं दही संपल्यालं. मग त्यातलं चमचाभर दिलं."

रोहिणीनं तिच्या हातातली सुरी काढून बाजूला ठेवली.

"आई, मी सांगितलं होतं ना."

"खायला देऊ नको म्हणाली हुतीस. ते खायला कुठं, विरजणाला दिलं. आन् विरजणाला कुणी न्हाई म्हणतं व्हय गं?"

खरंच सांग, म्हणतं कुणी? सायलीकडून ते कदमांकडे गेलं होतं, कदमांकडून पवारांकडे, पवारांच्या सुनेनं माहेरी मसूरला नेलं. दही चांगलं घट्ट लागायचं म्हणे, सगळे कौतुक करायचे. सहा आठवडे. चमचा चमचा.

ती तशीच एक मजला उतरून सायलीकडे गेली. कसं विचारायचं तेच सुचेना. सायलीनंच सुरुवात केली. "बरं झालं आलात ताई. आज सोनोग्राफी होती. बाळ म्हणे महिन्याभरात वाढलंच नाही. डॉक्टर मलाच रागावले, खात नाही म्हणून. मला भूकच लागत नाही हो, आणि अंगात तरतरी एवढी, की सकाळी सगळी भांडी घासून मोकळी होते. माझं काही दुखत असतं तर कळलं तरी असतं." मग उठली, फ्रीज उघडला. "बसा, दहीपोहे देते. तुमच्याच विरजणाचं आहे."

वाटी समोर आली. रोहिणीला हात पुढे करता येईना. कोठार भरलंय, काळजी नको. त्या बाळापर्यंत पोचायचं ते आईच्याच अंगात जळत होतं, आणि आईला त्याचा पत्ता नव्हता.

घरी आल्यावर तिनं फोन हातात घेतला. आईनं तिचं मनगट धरलं.

"चार आठवडे थांब. तुझं उरकू दे. मी रोज तिला डिंकाचे लाडू नेऊन देते, तूप घालून देते."

"तिला भूकच लागणार नाही आई. लाडू डब्यातच राहतील."

"माझं पोर जाईल गं."

एवढं बोलून आई खालीच बसली. सुजित आतल्या खोलीत होता, सगळं ऐकत होता. बाहेर यायला त्याला भिंत धरावी लागली.

"ताई, फोन लाव," तो म्हणाला. "उद्या सायलीचं पोर मला मामा म्हणेल. त्याला काय सांगू, तुझी वाढ मी खाल्ली?"

तिनं फोन लावला.

सकाळी नऊला चाचणी बंद झाली. एकशेनव्वदच्या एकशेनव्वद जणांची. त्यांच्या पलीकडे कोण कोण वाट बघत पडलं होतं, ते रोहिणीला कधीच कळणार नाही, आणि तेच तिच्या डोक्यातून जाईना. इस्पितळाची माणसं आली, घराघरातून दही, ताक, लोणी, सगळं उचलून नेलं, फ्रीज औषधानं धुतले, अख्ख्या इमारतीला उतारा पाजला. मसूरलाही गाडी गेली. कदम वहिनी तेव्हापासून रोहिणीशी बोलत नाहीत. पवार काका एवढंच म्हणाले, "म्हणजे मी परत जिन्यानं."

आणि रोहिणीच्या शरीरानं परत मूठ आवळली. ती पाव भाकरीवर आली, तरी काटा वर. शहात्तर पूर्णांक पाच. सात. अठरा फेब्रुवारीला सकाळी शहात्तर पूर्णांक नऊ. इनामदार मॅडमना फोन केला तर त्या म्हणाल्या, "माझ्याकडे दुसरं काही नाही, रोहिणी. असतं तर दिलं असतं."

त्याच सकाळी, अठराला, ती शिफ्टसाठी आवरून स्वयंपाकघरात आली. टेबलावर एक छोटी स्टीलची वाटी, त्यावर निळं झाकण. तिनं झाकण उचललं. दही. घट्ट, कडेला पाण्याचा थेंबसुद्धा सुटलेला नाही. असं दही त्या एकाच विरजणाचं लागायचं.

"आई, हे कुठलं?"

आई देव्हाऱ्यापाशी गेली. मागून एक फडकं काढलं, पांढरं, वाळून पापडासारखं कडक झालेलं.

"माझी आई असंच आणायची माहेराहून," ती हळू म्हणाली. "दह्यात बुडवून वाळवायचं. महिनाभर ऱ्हातंय. दुधात टाकलं की झालं. तू फोन लावलास त्या रात्रीच करून ठिवलं हुतं. त्या लोकांनी फ्रीज धुतले, पण देवाच्या मागं कोण हात घालतंय?"

तिनं फडकं परत देवामागं ठेवलं.

"दार लावून खा," आई म्हणाली. "वाटी मी धुते, चमचा मी उकळते. तुझ्या पोटाच्या भायेर थेंब जाणार न्हाई. माझी आण."

तिचं डोकं पुन्हा आपोआप चाललं. नऊ मार्चला एकोणीस दिवस. आठवड्याला सातशे ग्रॅम. एक किलो नऊशे. नेमकं, अगदी नेमकं पंचाहत्तर. एवढा जुळणारा हिशेब तिनं काट्यावरसुद्धा कधी बघितला नव्हता.

तेवढ्यात बेल वाजली. आईनं वाटीवर झाकण टाकलं आणि दार उघडलं.

सायली होती. हातात रिकामी वाटी.

"काकू, काल परत सोनोग्राफी केली. बाळाचं वजन वाढायला लागलंय," ती म्हणाली. आतल्या रोहिणीकडे बघून तिनं हात जोडले. मग आईला म्हणाली, "आमच्याकडचं तर सगळंच नेलं हो त्यांनी. विरजण आहे का थोडं?"

साठीची बाई ती, रोहिणीची आई. उभ्या जन्मात तिनं विरजणाला कुणाला नाही म्हटलं नव्हतं. दाराच्या कडीला धरून उभी राहिली.

"न्हाई गं बाई," ती म्हणाली. "आमच्यात न्हाई."

दार लागलं. आई वळली, पण जागेवरून हलली नाही. आत सुजित खोकत होता, थांबेचना. खाली गाडीनं हॉर्न वाजवला, एकदा, मग परत. रोहिणीच्या समोर वाटी, वाटीत चमचा, आणि तिला माहितीये, आई आण मोडणार नाही. पण तिला हेही माहितीये, की मागच्या वेळीही आईनं तिचं सांगणं अक्षर न् अक्षर पाळलंच होतं.

सांग आता. तिच्या जागी तू असतीस, तर तो चमचा उचलला असतास?