सयाजीरावांचा मागचा वायपर

सयाजीरावांच्या लेकीला, समृद्धीला, मुलगा झाला ते साल २००३. त्याच भाद्रपदातल्या एका शनिवारी सयाजीराव बोरी बुद्रुकहून तणतणत नारायणगावला भिमाजीकडे आले. भिमाजी निवृत्त हवालदार. आता लोकांच्या खासगी चौकशा करी. शेजारचा गेणभाऊ चहापुरता तिथे असे.

“माझ्या गाडीचा मागचा वायपर! गॅरेजवाला कपिल सोमवारी नीट करतो, शनिवारी परत बंद. मुद्दाम कच्चं काम करतोय. उद्या बाजारात चारचौघांत सांगणार.”

“मग त्याच्या गॅरेजला कोण जाईल?” गेणभाऊ म्हणाला.

“जाऊच नये! तीन रविवार झाले, मढला भागूला बघितलं न्हाई. धाकली बहीण माझी, अंथरुणाला खिळलीय. अन् मागची काच पुसल्याबिगर मी गाडी काढत न्हाई. एकदा रिव्हर्समदी पाण्याची टाकी फोडली व्हती.”

दोघे त्यांच्यासोबत बोरीला गेले. अंगणात दोन दारांची जुनी लाल स्पोर्ट्स गाडी उभी होती, मुंबईच्या शेटकडून घेतलेली. त्यांच्या पत्नी कुशाबाई टोमॅटोच्या वावरातून नुकत्याच आल्या होत्या. पाल्यानं बोटं हिरवी-काळी. त्यांनी चहा आणला. सयाजीरावांनी कप बशीबाहेर ठेवला, चहा सांडला.

“बशीच वाकडी,” ते म्हणाले. कुशाबाईंनी गुपचूप पुसलं.

मुलगा पप्पू चाकणहून पंधरा दिवसांनी नुकताच आला होता. “इकून टाका म्हणतो मी. ऐकतंय कोण?”

कपिलला बोलावलं. त्यानं डिकीच्या दाराचं आतलं झाकण उघडलं. मोटरची वायर निघालेली होती आणि बाजूला सुतळीनं बांधून ठेवलेली होती.

“तू काय वापरतोस?” भिमाजीनं विचारलं.

“काळी टेप. ही बघा, बाकी समद्या वायरींना.”

“मग वायर काढतं कोण?”

कपिल हातातल्या स्क्रू ड्रायव्हरकडे बघत राहिला.

भिमाजी ओसरीवर बसला. “गेणभाऊ, कच्चं काम असतं तर वायर लोंबकळली असती. दुष्मन असता तर तोडली असती. हिला कुणी जपून बांधलंय, बोट जाईल एवढी ढील ठेवून. खोड जाड व्हतं म्हणून टोमॅटोच्या बांधणीला ठेवतात तशी.”

“आवं, टोमॅटो समदं गाव बांधतंय!”

“पण दर शनिवारी या अंगणात कोण असतं? पप्पू नसतो. कपिलकडे गाडी सोमवारी जाते. सयाजीभाऊ स्वतः तक्रार घेऊन आले. आणि मघाशी बशी वाकडी नव्हती, भाऊ.”

कुशाबाईंनी पदर तोंडाला लावला. “डोळं गेलंत ह्यांचं. सांगितलं की भांडत्यात. मढच्या रस्त्याला हे धुकं. एस्टीनं जा म्हनलं, तर म्हणं दारात गाडी असताना? मग म्या काय करू?”

“कपिल, तुला ठाऊक होतं.”

“काकीचं नाव कसं घेऊ, राव?”

गेणभाऊनं उगाच टोपी सारखी केली. सयाजीरावांनी सुतळीची गाठ बोटांनी चाचपली. मग कुशाबाईंना म्हणाले, “बांधलीस लई नीट गं.” आणि किल्ली कपिलच्या हातात दिली. “कच्चं काम म्हणलो, चुकलो. वायर लाव. उद्या तुला सुट्टी हाये न्हवं? तू चालव. मी शेजारी बसून ओरडणार.”

“ओरडा की काका. गाडी तुमचीच हाये.”

पुढचे तीन रविवार कपिल त्यांना मढला घेऊन गेला. कुशाबाई मागच्या बाकावर बसत.

भागू सोमवारी, २२ सप्टेंबर २००३ रोजी, मढला वारली.