मागून गाडी येते का बघ

तुम्ही विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. मी शपथा घेत बसणार नाही. जे झालं ते माझ्यासमोर झालं, आणि शेवटचं जे झालं ते ज्या बाईने मला सांगितलं तिला खोटं बोलण्याचं काही कारण नव्हतं.

मी प्रीतम. वर्सोवा कोळीवाड्यात राहतो. पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा आमची आई सुकी मासळी विकते आणि मी ती बाईकवरून घरोघरी पोचवतो.

१८ जुलै २०२४. गुरुवार. संध्याकाळचे साडेसहा.

पवईच्या ऑर्डरी देऊन मी परत येत होतो. लिंक रोड तुंबला होता, म्हणून आरे कॉलनीच्या जंगलातून निघालो. पाऊस नुकताच थांबला होता. झाडांखाली आधीच अंधारल्यासारखं झालं होतं.

एका वळणावर खाड्कन आवाज आला आणि बाईक जागच्या जागी अडकली.

चेन उतरली होती. नुसती उतरली नव्हती, चाकाच्या मध्ये जाऊन रुतली होती.

फोनला रेंज नव्हती. दोन रिक्षा गेल्या, एक कार गेली. हात केला, कोणी थांबलं नाही. मी तरी थांबलो असतो का? आरेत बिबट्या फिरतो हे सगळ्यांना माहीत आहे.

मी खाली बसून चेन ओढायला लागलो. बेडूक नुसते कोकलत होते.

आणि मग...

बेडूक गप्प झाले.

सगळे. एकदम.

"चेन उतरली काय रे?"

मी दचकून वर बघितलं. साठीचा एक माणूस उभा होता. खाकी हाफ पँट, बाह्या दुमडलेला शर्ट, हातात जुनी कापडी पिशवी. आरेतल्या तबेल्यांत काम करणारी माणसं असतात ना, तसाच.

"हो ना काका. अडकलीय."

"सोड. बाजूला हो." त्यांनी पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर आणि चिंधी काढली आणि चाकापाशी उकिडवे बसले. "तू मागे बघ. मागून गाडी येते का सांग मला."

मी मागे बघत उभा राहिलो. रस्ता मोकळा होता.

"काका, कुठे राहता तुम्ही?"

"हितेच. चढावर. गाडी येते का?"

"नाही."

थोडा वेळ गेला.

"गाडी येते का रे?"

"नाही काका. आली तर सांगतो ना."

"सांग हां. विसरू नको."

त्या आवाजात काहीतरी होतं. वैताग नव्हता. भीती होती. एवढा मोठा माणूस, आणि लहान पोर काळोखात बोलतं तसा आवाज.

मी वळून बघितलं. ते चाक हाताने फिरवत होते. चेन दातांवर चढत होती.

पण आवाज येत नव्हता...

चाक गरागरा फिरत होतं, चेन सरकत होती आणि आवाज अजिबात नव्हता. मला माझा श्वास ऐकू येत होता. चेन नाही.

तेवढ्यात वळणावर उजेड पडला.

"काका, टेम्पो येतोय!"

टेम्पो अंगावर पाणी उडवत निघून गेला. मी डोळे पुसले.

बाईक स्टँडवर उभी होती. चेन चढलेली होती.

काका नव्हते.

"काका?"

वरच्या चढावरून आवाज आला, "हात धुऊन जा. वर दिवा दिसतोय बघ. बायको पाणी देईल. धोंडिरामने पाठवलंय म्हणून सांग."

बेडूक पुन्हा ओरडायला लागले.

मी निघून जायला हवं होतं. पण हात काळे झाले होते, आणि खरं सांगू? आभार मानायचे राहिले होते. मी बाईक लावली आणि दहा-बारा दगडी पायऱ्या चढून वर गेलो.

बैठ्या खोल्यांची ओळ होती. एकाच दाराबाहेर बल्ब जळत होता. दारात एक म्हातारी बाई उभी होती. हातात पाण्याचा तांब्या घेऊन.

मी अजून तोंड उघडलं नव्हतं.

"हेंनी धाडल्यानी मां तुका?" ती म्हणाली.

मालवणी बाई. नाव रुक्मिणी, ते मला नंतर कळलं. मी मान हलवली. तिने माझ्या हातावर पाणी ओतलं. मग आत बोलावलं, चहा ठेवला. माझ्या पिशवीकडे बघून म्हणाली, "सुको बांगडो?" मी एक पाकीट काढून तिला दिलं. तिने ते नाकाशी धरलं आणि हसली.

मग समोर बसली आणि विचारायला लागली.

"कशे दिसत होते?"

"कोण, काका? बरे होते की."

"त्येंचा तोंड बघलंस? बारीक झालेत? दाढी केल्लेली?"

मला काही कळेना. म्हटलं, "मावशी, ते आत्ता खालीच होते. येतीलच."

तिने चहाचा कप माझ्यापुढे सरकवला.

"चार वर्षां झाली," ती म्हणाली. "माका त्येंचा तोंड बघूक गावला नाय."

तिने सांगितलं ते असं.

धोंडिराम आरेत गुरांच्या तबेल्यात कामाला होता. देवगडकडचा. त्याला एकच नाद. ड्युटी सुटली की पिशवी घेऊन रस्त्यावर जायचं. कोणाची गाडी बंद पडली असेल तर चालू करून द्यायची, आणि माणसाला घरी पाणी प्यायला पाठवायचं. कोणाकडून काही घ्यायचा नाही. रुक्मिणीबाई संध्याकाळी तांब्या भरूनच ठेवायची.

२०२० च्या जुलैत तो असाच त्या वळणावर कोणाची तरी बाईक बघत बसला होता. मागून गाडी आली. गाडीवाला थांबला नाही. ज्याची बाईक होती, तोही घाबरून पळून गेला.

कोरोनाचे दिवस होते. मुलगी अक्षता एकटीच धावपळ करत होती. धोंडिरामला घरी आणलंच नाही. परस्पर स्मशानात नेलं. बायकोला शेवटचं बघताही आलं नाही.

आणि पुढच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी एक अनोळखी पोरगा दारात आला. काळे हात घेऊन. म्हणाला, धोंडिरामने पाठवलंय.

मी चहाचा कप खाली ठेवला.

भिंतीवर जुनं कॅलेंडर होतं. त्याच्या कडेला वेगवेगळ्या अक्षरांत नावं आणि फोन नंबर लिहिलेले होते. तिने माझ्या हातात पेन दिलं. मी नाव लिहिलं. माझं नववं होतं.

"सगळ्यांका भेटतत," ती म्हणाली. "घराक मात्र येवक नाय."

मी उठलो. मला तिथून पळायचं होतं. दारापर्यंत गेलो, तर तिने माझी बाही धरली.

"माझ्याबद्दल काय म्हटल्यानी?"

काय सांगू? काहीच म्हणाले नव्हते. बायको पाणी देईल, एवढंच. आधीच्या आठ जणांनीही तिला हेच सांगितलं असणार, तेही तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ती उत्तराची वाट बघत नव्हती. ‘नाही’ ऐकायची तयारी करून उभी होती.

मला ते बघवलं नाही.

"म्हणाले..." मी म्हटलं, "येतो म्हणून सांग. काम आटपलं की येतो."

तिने माझी बाही सोडली. दोन्ही हात तोंडावर घेतले.

घरी येऊन मी बायकोला, कल्पिताला, सगळं सांगितलं. भुताचं ऐकून ती घाबरली नाही. शेवटचं ऐकून मात्र भडकली.

"असं का बोललास रे? आता ती बाई वाट बघत बसेल ना! मेलेल्या माणसाची वाट बघायला लावलीस तू तिला."

ऑगस्टच्या शेवटी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"प्रीतम का? मी अक्षता. आईच्या कॅलेंडरवर तुमचा नंबर आहे. मी मुलुंडला राहते. आईला कायमचं घेऊन जायला आले होते, सामानसुद्धा बांधलं होतं. आता ती हलत नाही. म्हणते, बाबा येणार आहेत. रोज संध्याकाळी त्या वळणावर जाऊन बसते. तुम्ही काय सांगितलंत तिला?"

मी दुसऱ्याच दिवशी गेलो. मावशी वळणावर प्लास्टिकच्या स्टुलावर बसली होती. शेजारी छत्री, हातात बॅटरी. मी तिच्या पायाशी बसलो आणि सांगून टाकलं.

"मावशी, मी खोटं बोललो. ते तसं काही म्हणाले नव्हते. तुम्ही अक्षताकडे जा."

तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"माका ठावक आसा," ती म्हणाली. "चाळीस वर्षां संसार केलंय. ते असा कधी बोलूचे नाय. पण इतक्या जणांत तुका एकट्याकच माजी दया इली."

"मग इथे कशाला बसता?"

तिने वळणाकडे बॅटरी फिरवली. लांबून एक डंपर येत होता. उजेड बघून त्याने वेग कमी केला.

"ते खाली मान घालून काम करतत. मागसून गाडी येता काय, कोणीतरी बघूक नको?"

तिथेच बसून रडलो.

ऑक्टोबरात, परतीच्या पावसात, सकाळी सातला अक्षताचा फोन आला. आई गेली. रात्री घरी परतलीच नव्हती. पहाटे दूधवाल्याने तिला वळणावर बघितलं. स्टुलावर बसलेली, पायऱ्यांच्या कडेच्या भिंतीला टेकून. झोपल्यासारखी.

मी गेलो. सगळं आटपल्यावर अक्षता मला बाजूला घेऊन म्हणाली, "दादा, कोणाला तरी सांगायलाच हवं."

रात्रभर धो धो पाऊस होता. रस्त्यावरून पाणी वाहत होतं.

आईची साडी कोरडी होती.

केस कोरडे होते.

छत्री मिटलेली, बाजूला पडलेली...

"आणि स्टुलाच्या शेजारी," अक्षता म्हणाली, "एवढीच जमीन कोरडी होती. एक माणूस उकिडवा बसेल एवढी."

त्यानंतर धोंडिराम कोणाला भेटला नाही. आरेतून जाणाऱ्या बऱ्याच जणांना मी विचारलं. त्या वळणावर आजही गाड्या बंद पडतात, लोक ढकलत नेतात. बेडूक ओरडत असतात.

मी खोटं बोललो होतो. हे मला माहीत होतं, कल्पिताला माहीत होतं, मावशीला माहीत होतं.

मग त्याला कोणी सांगितलं?

कल्पिता म्हणते, चांगलंच झालं ना, शेवटी आला तो. मी हो म्हणतो. पण रात्री जाग आली की वाटतं, मी गप्प बसलो असतो तर मावशी आज मुलुंडला लेकीकडे असती. आणि ते दोघं एकमेकांना कधीच भेटले नसते.

यातलं काय बरं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.