पिकअपची डावी सीट

डिझेल इंजनाला जगायला तीनच गोष्टी लागतात. डिझेल, हवा आणि दाब. तिन्ही असल्या की ते उचलणारच, त्याला रुसवेफुगवे नसतात. उदगीरच्या देगलूर रोडवर माझं गॅरेज आहे. तिथं कुणी 'दस्तगीरचाचा, गाडीला नजर लागली' म्हणत आलं की माझं डोस्कं फिरतं. नजर लागली म्हणे! फिल्टर बदलायचा नाही आणि लिंबू-मिरची तेवढी बदलायची.

त्यामुळं वीरेशनं पिकअप ट्रॅक्टरला टोचन करून आणली, तेव्हा मी आधी त्यालाच झापलं.

"सेल मारला की गरागरा फिरती चाचा, पण उचलत न्हाई," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"आप्पा गेल्यापासून."

आप्पा म्हणजे त्याचे वडील, वीरण्णा. माझा दोस्त. ही पिकअप त्याचीच, मोंढ्यातला माल वाहायची. काम असो नसो, येता-जाता तो माझ्याकडं थांबायचा. शेडच्या भिंतीला मी भंगारातल्या ट्रकची एक लांब सीट ठेवली आहे, गिऱ्हाइकाला बसायला. तिच्या मधोमध वीरण्णा मांडी घालून बसायचा, अडकित्त्यानं सुपारी कातरत मलाच मिस्त्रीपणा शिकवायचा. माणूस लई वजनदार. तो उठला की सीटचा फोम हळूहळू वर यायचा, आणि आम्ही दोघं त्याला हसायचो. दिवाळीच्या तोंडावर तो लातूरच्या दवाखान्यात वारला. त्याच्या मातीला मी होतो. खरं सांगतो, अजूनही दुपारचा डबा उघडला की त्याची आठवण येते आणि घास उतरत नाही.

गाडी जुनी, कम्प्युटरचा पत्ता नाही. काम सोपं होतं. वीरेशला आत बसवलं, बॉनेट उघडलं, नोझलचा नट ढिला केला आणि ओरडलो, "मार सेल!" डिझेल चुर्रकन उडालं. पाइपातली हवा काढली. इंजन तापवणारे हीटर प्लग काढून बॅटरीवर लावले, लाल झाले. दाबाचं मीटर लावलं, काटा जिथं जायचा तिथं गेला. सगळं पास आणि गाडी नापास.

मला खटकला तो धूर. डिझेल आत जातंय, पेटत नाही, तर मागून पांढरा धूर तरी यायला पाहिजे. सायलेन्सरला हात लावून बसलो. नुसता गार वारा आला, डिझेलचा वास सुद्धा नाही. मग एवढं डिझेल जातं कुठं?

आणखी एक गोष्ट. गाडी डावीकडं झुकलेली होती. चाकांत हवा सारखी, स्प्रिंगचे कमानपट्टे साबूत, माल तर काहीच नाही. तरी पुढची डावी बाजू खाली. लेव्हल लावून बघितली, जमीन सपाट होती. रात्रभर माझं मन थाऱ्यावर नव्हतं. बायको फरीदा म्हणाली, "गाडीच हाय ना, उद्या बघा की."

सकाळी वीरेश आला तो पोरीला घेऊन. अक्षरा, पहिलीत जाणारी. केस विंचरलेले नव्हते, डोळे खोल गेलेले.

"शाळा न्हाई का हिला?"

"शाळेत न्हाई, घरात न्हाई," वीरेश म्हणाला. "दिवसभर गाडीत बसून राहती. हिची आई अयोध्या ताट घेऊन गाडीपाशी जाती, तवा दोन घास खाती. कालपासून गाडी हितं, तर पाणी बी पिली न्हाई."

अक्षरा आमच्याकडं न बघता केबिनमध्ये चढली आणि बाकड्याच्या मधल्या जागेवर बसली. ड्रायव्हरच्या आणि डाव्या सीटच्या मधे, पाय आखडून, जणू डावीकडं जागा नव्हती.

मी बॉनेटखाली होतो. "मार सेल!"

एका झटक्यात इंजन उचललं. काळा धूर सोडून झकास चालायला लागलं. मी पाना हवेत उडवला. "बघ! हवा अडकलेली असणार कुठंतरी."

वीरेशच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरीला त्यानं पाणी प्यायला खाली घेतलं, आणि इंजनानं दोन आचके दिले, बंद पडलं.

परत सेल मारला. गरागरा, गरागरा. काही नाही. पोरगी वर चढली. चालू. मी तिला उचलून खाली घेतलं. बंद.

मी काही खुळा माणूस नाही. सीटखाली वायर दबत असणार. सीट उचकटली, सगळी वायरिंग चाचपली. पोरीच्या जागेवर वजनाला जुनी बॅटरी ठेवली, तरी उचललं नाही. मग मी स्वतः बसलो. डावा खांदा इतका गार पडला की मी मुकाट्यानं उतरलो. आत भस्माचा आणि कातरलेल्या सुपारीचा वास होता.

"मग काय चाचा," वीरेश हळूच म्हणाला, "हिला मधी बसवूनच धंदा करतो. शाळा बुडली तर बुडली."

"गधे! पोरगी हाय का चावी? तोंड बघ तिचं. पंधरवड्यात हाडं राहतील." माझा आवाज चढला. "खरं सांग, काय झालंय ह्या गाडीत?"

तो चाकापाशी उकिडवा बसला. "आमच्यात माणूस बसवून नेतात, बसवूनच माती देतात. तुम्ही होता की. अंग ताठायच्या आत बसवावं लागतंय. म्हणून दवाखान्यातनंच आप्पांना डाव्या सीटवर बसवलं, उपरण्यानं बांधलं. अक्षरा संगं होती. तिला काय सांगू? अज्जा झोपलाय म्हणलं. ती मधी बसली. नळेगाव येईस्तोवर त्यांच्याशी बोलत होती."

"मग?"

"घर आलं तवा ती झोपलेली. उचलून आत नेली. मग आप्पांना उतरवलं. मातीच्या वेळी तिला निलंग्याला मावशीकडं धाडली."

"म्हणजे तिनं त्याला उतरताना बघितलंच न्हाई."

"न्हाई. अजून कुणी सांगितलं बी न्हाई. धीरच झाला न्हाई, चाचा."

मी त्याच्या दंडाला धरून उठवलं. "आत्ता सांग. माझ्यासमोर सांग."

त्यानं पोरीला पुढ्यात घेतलं आणि सांगितलं. अज्जा गेला. झोपला नव्हता, गेला होता. आपण त्याला मातीत बसवून आलो. सांगता सांगता त्याचा हुंदका फुटला. पोरगी रडली नाही. गाडीकडं बघत राहिली.

"अज्जाला कुणी सांगितलं?" तिनं विचारलं.

"काय, बाळा?"

"आलं म्हणून. गाडी थांबली म्हणून."



ती चालत डाव्या दाराशी गेली. टाचा उंचावून तिनं खटका ओढला, दार पूर्ण उघडलं आणि बाजूला उभी राहिली, म्हाताऱ्या माणसाला जागा देतात तशी. त्यांच्या घरात कानडी चालते.

"अज्जा, इळी," ती म्हणाली. "उतर की. आलं."

रस्त्यावर एसटी गेली. तिचा आवाज विरला.

मग कमानपट्टा कुरकुरला.

गाडीची डावी बाजू वर आली. सावकाश. जड माणूस आधी एक पाय टेकतो, मग दुसरा, तशी दोन टप्प्यांत. आणि सरळ झाली.

"पप्पा, भूक लागली," अक्षरा म्हणाली.

वीरेशनं तिला घट्ट धरलं. ती त्याच्या कडेवर असताना मीच केबिनमध्ये चढलो. सीट उबदार होती, उन्हानं असते तशी. चावी फिरवली. एका सेलमध्ये इंजन उचललं आणि चालू राहिलं.

मला इतका आनंद झाला की मी पोरीला समोरच्या हॉटेलातून इडली खायला घातली. तिनं ताटली चाटूनपुसून खाल्ली. जाताना ती खिडकीशी बसली, डाव्या बाजूला, ऐसपैस, आणि मला टाटा केला. पोरगी वाचली. अल्लाचे आभार मानून मी हात धुवायला वळलो, तेव्हा कुठं डोक्यात आलं की तिनं अज्जाला उतरवलं खरं, पण ते माझ्या शेडमध्ये, घर तर अजून लांब होतं.

भिंतीजवळच्या सीटचा फोम मधोमध खाली गेला होता.

मी हात पुसत उभा राहिलो. तो वर यायची वाट बघितली. आला नाही.

तेवढ्यात टेम्पो घेऊन एक गिऱ्हाईक आलं, हदगावकडचं, अनोळखी. "ब्रेक बघा की मिस्त्री," म्हणाला.

"बसा," मी म्हणालो.

सीट पार मोकळी होती. तो अंग चोरून अगदी कडेला टेकला.