नवरंगाच्या शिळेतलं इंजिन

"अब कोई हिलेगा नहीं," जगन्नाथभैया दबक्या आवाजात म्हणाला आणि उजवा हात खिशात घालून उभा राहिला.

आंब्याच्या राईतली सगळी मंडळी जागच्या जागी थबकली. दहा-बारा जण होते, झाशीच्या रेल्वे कॉलनीतले. पक्षी बघायला म्हणून तीन दिवस बरुआसागरला आले होते. तलावाजवळच्या विश्रामगृहात मुक्काम, सकाळ-संध्याकाळ रानात फेरी आणि वाटाड्या गावातलाच जगन्नाथ.

क्षणभर नुसता ओढ्याचा खळखळाट. मग करवंदीच्या जाळीतून शीळ आली, आधी चढत जाणारी, मग उतरत येणारी. व्हीईट-ट्यू. व्हीईट-ट्यू.

"नवरंग," गोविंदराव पुटपुटले.

गोविंदराव रेल्वेतले निवृत्त गार्ड. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसून त्यांनी उभ्या आयुष्यात शेकडो पक्षी पाहिले होते, पण नवरंग कधीच दिसला नव्हता. ही सहल त्यांनी काढली होती ती त्याच्यासाठीच.

पाचोळा सळसळला. हिरवी पाठ, पोटाखाली कुंकवासारखा लाल डाग, खांद्यावर निळी चमक असा एक आखूड शेपटीचा पक्षी टुणटुणत बाहेर आला, इकडेतिकडे भिरभिरला आणि पुन्हा जाळीत घुसला.

"पाहिलात का, आजोबा?" बारा वर्षांच्या भानुमतीनं दुर्बीण खाली करत विचारलं.

"मी चष्मा पुसत होतो गं," गोविंदराव ओशाळून म्हणाले.

त्यांच्या पत्नी यमुनाबाईंनी कपाळाला हात लावला आणि सगळे हसले. जगन्नाथही हसला. "कोई बात नहीं दादाजी, शाम को फिर बुला देंगे."

बुला देंगे? भानुमतीला तो शब्द जरा खटकला. पण जगन्नाथभैया तिला आवडायचा. दुर्बिणीचं चाक कसं फिरवायचं, पाखराच्या चोचीवरून त्याचं खाणं कसं ओळखायचं, हे सगळं त्यानंच शिकवलं होतं. तिनं तो विचार झटकून टाकला.

संध्याकाळी पुन्हा तीच राई, तीच जाळी. जगन्नाथनं सगळ्यांना गप्प केलं आणि शीळ आली. या वेळी भानुमतीनं मुद्दाम डोळे मिटून ती ऐकली. शीळ संपता संपता मागे कुठंतरी, अगदी अस्पष्ट, इंजिनाचा लांबलचक हॉर्न वाजला. सकाळीही तो वाजला होता, नेमका त्याच जागी.

भानुमतीचे बाबा इंजिन चालवायचे. घरी बसल्या बसल्या हॉर्नवरून गाडी ओळखायची हा तिचा आणि धाकट्या दिवाकरचा रोजचा खेळ होता. त्यामुळे तिला हा योगायोग काही पचेना. पण बरुआसागरला रेल्वेची लाइन जवळच. वाजला असेल हॉर्न, त्यात काय?

जेवणं झाल्यावर बाबांचा फोन आला. "मजा येतेय ना? मीही उद्या मोकळाच आहे. रुळांचं काम निघालंय. तुमच्या लाइनवर दुपारपर्यंत एकही गाडी धावणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी राईत शीळ घुमली. आणि तिच्यामागून हॉर्न वाजला.

भानुमतीनं दिवाकरचा दंड पकडला. "ऐकलंस?"

"हो. पण आज तर गाडीच नाही ना?" दिवाकरचे डोळे विस्फारले. "दीदी, भूत है क्या?"

"भूत नाही," त्यांचा मावसभाऊ हणमंत मागून हळूच म्हणाला. हणमंतचे वडील बबीन्याला फौजेत हवालदार. त्यामुळे टेहळणी हा त्याचा आवडता विषय. "मी दोन दिवस बघतोय. शीळ यायच्या आधी जगन्नाथभैया का हाथ जेब में जाता है. हर बार."

नाश्ता उरकून मोठी माणसं पडवीत गप्पा मारत बसली, तशी ही तिघं गुपचूप राईकडे निघाली.

"कूच करो," हणमंत म्हणाला.

"आधी चप्पल नीट घाल," भानुमती म्हणाली. "जाळीत काटे आहेत."

करवंदीच्या काट्यांनी तिघांचे हात ओरबाडले. दिवाकर सर्वांत लहान, म्हणून त्यालाच खाली सरपटत पाठवलं. थोड्या वेळानं आतून त्याचा आवाज आला, "मिल गया."

सुक्या पानांनी झाकलेली, खाकी फडक्यात गुंडाळलेली ती वस्तू त्यानं बाहेर काढली. मुठीएवढा गोल स्पीकर होता तो. खिशातल्या मोबाइलवर बोट दाबलं की इथं शीळ वाजत होती. कुठल्यातरी रेल्वे लाइनजवळ कोणीतरी ती टिपली असणार, म्हणून तर तिच्यात इंजिन शिरलं होतं.

"म्हणजे नवरंग खोटाच?" दिवाकर हिरमुसला.

"शीळ खोटी, पक्षी खरा," भानुमती म्हणाली. "आपण पाहिलाय ना त्याला. पण मग खोट्या शिळेला तो धावत का येतो?"

याचं उत्तर त्यांना जाळीच्या पलीकडे सापडलं. एका वाकलेल्या बुंध्याच्या बेचक्यात काटक्यांचा आणि पाल्याचा एक भलामोठा गोळा होता आणि त्याला बाजूला दार होतं. दारातून तीन-चार इवल्या चोची बाहेर आल्या होत्या. तिघंही चटकन मागे सरकली.

"कोणी परका आपल्या घराशेजारी ओरडतोय असं वाटत असेल त्याला," भानुमती हळू आवाजात म्हणाली. "त्याला हाकलायला येत असेल तो."

"तर मग स्पीकर घेऊन जाऊ आणि आजोबांना दाखवू," हणमंत म्हणाला.

भानुमती घुटमळली. सगळ्यांदेखत जगन्नाथभैयाला चोर ठरवायचं? त्यातून खरंच कोणाचं काही बिघडत होतं का, हे तरी कुठं माहीत होतं? "आज राहू दे जागेवर. संध्याकाळी आपण लपून बघू काय होतं ते."

संध्याकाळी डोकं दुखतंय, पोट दुखतंय, अशा सबबी सांगून तिघं मागे राहिली आणि आडवाटेनं मंडळींच्या आधीच राईत पोचली. एका दगडाआड ती घरट्यावर नजर ठेवून बसली. थोड्याच वेळात पलीकडून जगन्नाथचा आवाज आला आणि शीळ सुरू झाली.

आई-बाप दोघंही पिल्लांना चारत होते. शीळ ऐकताच दोघांनी चोचीतली गांडुळं टाकली आणि पंख फुगवून आवाजाच्या दिशेनं सुटले. शीळ थांबेना, ते परतेनात. पिल्लांच्या चोची रिकाम्याच उघडमीट करत राहिल्या.

आणि मग काळा-तांबूस, लाल डोळ्यांचा एक भारद्वाज गवतातून ऐटीत चालत आला. त्यानं मान तिरपी करून घरट्याकडे पाहिलं, बुंध्यावर उडी घेतली आणि तो वर चढू लागला.

"दीदी, तो पिल्लं खातो," दिवाकर रडवेला झाला.

आता लपून राहण्यात अर्थ नव्हता. भानुमती उठली आणि तिनं डोक्यावरची टोपी जोरानं भिरकावली. टोपी भारद्वाजाच्या पुढ्यातच आदळली. तो दचकून फडफडत ओढ्यापार निघून गेला. शीळही थांबली होती. तिघं पोटावर सरपटत मागे आली.

"आज आपण होतो म्हणून," ती म्हणाली. "उद्या कोण असेल?"

जगन्नाथभैया वाईट नव्हता. पण नुसतं सांगून त्यानं ऐकलं असतं का? कदाचित हसून उडवून लावलं असतं, आणि त्यांची सहल गेल्यावर दुसरी आली असती. त्याला विसरता येणार नाही असं काहीतरी करायला हवं होतं. बराच वेळ खुसरफुसर झाली. मग हणमंत पुन्हा एकदा जाळीशी जाऊन आला.

शेवटच्या दिवशी सकाळी मंडळी राईशी आली. गोविंदरावांना नवरंग अजून दिसलाच नव्हता. नाश्त्याची करंडी जगन्नाथच्याच खांद्यावर होती. ती त्यानं खाली ठेवली, ओठांवर बोट ठेवलं आणि हात खिशात घातला.

"व्हीईट-ट्यू," करंडी म्हणाली.

जगन्नाथनं जाळीकडे पाहिलं. सगळ्यांनी करंडीकडे पाहिलं.

"अगंबाई, पोह्यांत पक्षी?" यमुनाबाई म्हणाल्या. त्यांनी वरचं फडकं काढलं. डब्यांच्या मधोमध स्पीकर ठेवलेला होता आणि अगदी मन लावून शीळ घालत होता. पाठोपाठ इंजिनाचा हॉर्न वाजला.

गोविंदराव तर हसता हसता खालीच बसले. "अरे, मी चाळीस वर्षं गार्ड होतो. पण पोह्यांच्या डब्यातून गाडी सुटताना पहिल्यांदाच पाहतोय."

हसण्याचा असा काही कल्लोळ झाला की जगन्नाथला खिशातलं बटण बंद करायचंही सुचेना. त्याचा चेहरा लालबुंद झाला. अखेर शीळ थांबवून तो मान खाली घालून म्हणाला, "लोग इतनी दूर से आते हैं, दादाजी. चिरैया न दिखे तो मुँह उतर जात. मैंने सोचा, इसमें किसी का क्या बिगड़ता है."

"बिगड़ता है, भैया," भानुमती पुढे झाली. तिनं आधी हिंदीत, मग सगळ्यांसाठी मराठीत सारं सांगितलं: घरटं, टाकून दिलेली गांडुळं, उपाशी पिल्लं, बुंध्यावर चढणारा भारद्वाज. हसणं हळूहळू थांबलं.

जगन्नाथ जाळीकडे वळला. "बच्चे हैं उसके?" त्यानं विचारलं. "सच्ची, बिटिया? हमें तो पता ही नहीं था. हमने तो झाड़ी के उस पार कभी झाँका ही नहीं."

त्यानं स्पीकर उचलला, भानुमतीच्या हातात दिला आणि म्हणाला, "अब ये तुम रखो."

"पण मग नवरंग दिसणार कसा?" मागून कोणीतरी विचारलं.

जगन्नाथनं राईभर नजर फिरवली. आता त्याच्या चेहऱ्यावर वेगळंच काहीतरी होतं. त्यानं ओढ्याच्या अलीकडची, घरट्यापासून चांगली लांबची एक सावली निवडली. तिथून ओल्या पाचोळ्याचा एक पट्टा स्पष्ट दिसत होता. "तुम्हारे गांडुळ वहीं मिलते हैं," तो म्हणाला. "बच्चे भूखे हैं तो उसे वहीं आना पड़ेगा. बस, बैठे रहो चुपचाप."

सगळे बसले. पोहे गार झाले. मुंग्या पायांवर चढल्या, पण कोणी चकार शब्द काढला नाही. दिवाकरला जांभई आली, ती त्यानं शर्टात दाबली. भानुमतीला वाटू लागलं, नाहीच आला तर? सगळे आपल्यालाच बोल लावतील.

आणि मग पाचोळ्याचं एक पान उलटलं. दुसरं उलटलं. कोणीही न बोलावता नवरंग आपल्या कामाला आला होता. तो निवांतपणे पानं उलटत होता, गांडुळं वेचत होता, मधूनच मान वर करून छाती उन्हाकडे वळवत होता. त्याच्या डोळ्यांवरची काळी पट्टी, गळ्याचा पांढरा रंग, पाठीचा हिरवा, सगळं कसं स्वच्छ दिसत होतं. चोच भरली तसा तो जाळीकडे उडाला. थोड्या वेळानं पुन्हा आला. मग त्याची जोडीदारीणही आली.

गोविंदरावांनी चष्म्याला हातसुद्धा लावला नाही. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचंही भान त्यांना नव्हतं.

परतताना त्यांनी तिन्ही मुलांना जवळ बोलावलं. "तुम्ही एका माणसाला चोर न ठरवता त्याची चूक दाखवलीत आणि चार जीव वाचवलेत," ते म्हणाले. "मोठ्यांनासुद्धा हे रोज जमत नाही. शाबास."

यमुनाबाईंनी गार झालेले पोहे तिघांना सर्वांत आधी वाढले. जगन्नाथ राईच्या तोंडाशी थांबला होता. पायवाटेवर काट्यांच्या फांद्या आडव्या टाकून तो जाळीकडचा रस्ता बंद करत होता. भानुमतीनं बशी खाली ठेवली आणि ती त्याला फांद्या उचलून द्यायला गेली.