डब्यातलं दुसरं पीठ

"वाफ थांबली की मगच झाकण उघडायचं," देवश्रीने बजावलं.

"थांबली," विहंग म्हणाला.

"नाही थांबली."

"जवळजवळ थांबली."

वॉफलच्या मशीनमधून केळ्याचा आणि गुळाचा खमंग वास सुटला होता. मे महिन्यात दुपारी आत्याच्या धारच्या स्वयंपाकघरात उभं राहवत नसे, पण देवश्री, तिचा धाकटा भाऊ विहंग आणि शेजारची गुड्डी, तिघंही ओट्याला चिकटून उभे होते. सुट्टीत आत्याकडे निघताना आईने देवासलाच हे मशीन विहंगच्या हातात ठेवलं होतं. बाहेरचा खाऊ त्याला चालत नव्हता. बाहेरचाच काय, घरातलंही निम्मंअधिक चालत नव्हतं.

गव्हात ग्लूटेन नावाचा एक चिवट पदार्थ असतो. तो पोटात गेला की विहंगचं शरीर त्याच्याच आतड्यांवर उलटायचं. हे बरेच दिवस कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. पोट मडक्यासारखं, पाय काड्यांसारखे, आणि वर जो येईल तो म्हणायचा, खायचे नखरे आहेत याचे. शेवटी इंदूरच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि गहू, रवा, मैदा जन्मभरासाठी बंद केले. आतडी भरून येईपर्यंत दूधही बंद. अंडं तर आत्याच्या स्वयंपाकघरात येतच नसे.

मग वॉफल करायचं तरी कशाचं? देवश्रीने खटपट करून ते शोधून काढलं होतं. ज्वारीचं आणि तांदळाचं पीठ, तेसुद्धा घरी मिक्सरमध्ये दळलेलं, कारण गिरणीत आपल्या आधी कोणाचा गहू दळला गेला ते सांगता येत नाही. अंड्याच्या जागी जवसाची पूड पाण्यात भिजवायची; थोड्या वेळाने ती बुळबुळीत होते आणि पीठ धरून ठेवते. दुधाऐवजी नारळाचं दूध, लोण्याऐवजी तेल. गोडीला गूळ आणि पिकलेलं केळं, फुगायला बेकिंग पावडर.

"मशीनच्या खोक्यावर लिहिलंय, दूध-अंडं नसलं की त्याला व्हीगन म्हणतात," विहंगने गुड्डीला ऐटीत सांगितलं. "म्हणजे मी व्हीगनपण आहे."

"हा आणखी कोणता नवा आजार, भिया?" गुड्डीने आपल्या माळवी ढंगात विचारलं.

पहिल्या खेपेची वॉफल जाळीदार आणि कुरकुरीत झाली होती. विहंग ती खाऊन दिवसभर अंगणात उंडारला होता. आज मात्र काहीतरी बिनसलं होतं. पीठ पळीवरून तुटेचना, तारेसारखं लोंबत राहिलं. वॉफल बाहेर आलं ते मऊ, आणि ओढलं तर रबरासारखं ताणलं जाणारं. केळं जास्त पिकलं असेल, असं देवश्रीला वाटलं. पिठाचा डबा फळीवर ठेवताना तो अपेक्षेपेक्षा जड लागला, पण तोवर विहंगने बशी पुढे केली होती.

संध्याकाळ व्हायच्या आत विहंग ओकायला लागला. पोटात कळा येऊन तो खाटेवर गुडघे छातीशी घेऊन पडला. चेहरा पांढराफटक पडला होता.

घरात एकच धावपळ उडाली. प्रमोदिनी आत्याने मीठ-साखरेचं पाणी चमच्या-चमच्याने पाजलं आणि पाजता पाजता देवश्रीला फैलावर घेतलं. आत्याचे यजमान जयसिंगराव, म्हणजे मुलांचे आतोबा, दारात उभे होते. मंडीत त्यांची गव्हाची अडत होती. माळव्याच्या गव्हावर अर्धा देश जगतो आणि आमच्याच घरातल्या पोराला तो बाधतो म्हणे, असं ते पहिल्या दिवसापासून ऐकवत होते. आज ते विहंगकडे बघून लगेच नजर वळवत होते.

"ते मशीन माळ्यावर टाका," ते एवढंच म्हणाले. "पोरीचे प्रयोग पुरे झाले."

मग आईला फोन लागला. देवश्रीने काय काय घातलं ते एकेक करून सांगितलं. पलीकडून आई म्हणाली, "तू सगळं नीट पाहिलं होतंस ना, देवू?" रविवारी येऊन दोघांना घेऊन जाते, असंही म्हणाली.

देवश्रीला रडू आलं नाही. राग आला. एवढ्या काळजीने केलं आणि आईसुद्धा असं विचारते? आणि त्या रागाच्या तळाशी एक भीती होती, तिचा तर तिला जास्तच राग आला. खरंच आपल्या हातून काही चुकलं असेल तर? आपणच विहंगला आजारी पाडलं असेल तर?

दुसऱ्या दिवशी मोठी माणसं दुपारची लवंडल्यावर तिने गुड्डीला बोलावून घेतलं. दोघींनी एकेक वस्तू ओट्यावर मांडली. बेकिंग पावडरच्या डब्यावरची बारीक अक्षरं वाचली; त्यात मक्याचं पीठ होतं, गव्हाचं नव्हतं. नारळ घरीच खवला होता. जवस देवासहून आणलेले. मशीन अजून माळ्यावर गेलं नव्हतं, आणि ते तर कोरं करकरीत. राहता राहिला पिठाचा डबा. देवश्रीने झाकण काढलं आणि ती बघतच राहिली. पहिल्या खेपेला पीठ अर्ध्याच्या खाली गेलं होतं. काल आणखी काढलं. आणि तरीही डबा अर्ध्याच्या वर भरलेला होता.

"डबा स्वतःहून भरतो का गं?" ती म्हणाली.

गुड्डीने चिमूटभर पीठ बोटांवर चोळलं. जवळच्या तिरला गावात तिच्या वडिलांची शेती होती. "कटाईच्या वेळी अपन कच्चा गहू चावत बसतो," ती म्हणाली. "चावत राहिलं ना, की त्याचं च्युइंगम होतं. ज्वारीचं सात जन्मात होत नाही."

देवश्रीच्या डोळ्यांसमोर कालची पळीवरून लोंबणारी तार आली.

तिने तीन वाट्या घेतल्या. एकीत आत्याच्या पोळ्यांची कणीक, दुसरीत भाकरीचं ज्वारीचं पीठ, तिसरीत डब्यातलं पीठ. तिन्हींचे गोळे पाण्यात मळून जरा मुरू दिले आणि मग एकेक गोळा फडक्यात घेऊन पाण्याखाली धुवायला सुरुवात केली. ज्वारीचा गोळा विरघळून गेला, फडक्यात काही उरलं नाही. कणकेतलं पांढरं पाणी निघून गेलं आणि मागे रबरासारखा चिवट गोळा राहिला. आता तिसरा. पाणी पांढरं झालं, गोळा लहान लहान होत गेला आणि शेवटी फडक्याला करड्या रंगाच्या चिकट तारा लागून राहिल्या. देवश्रीने एक तार दोन बोटांत धरून ओढली. ती ताणली गेली, तुटली नाही.

"गहू," गुड्डी म्हणाली.

"कोणीतरी घातलाय," देवश्री म्हणाली. तिचे कान गरम झाले होते. "चुकून वाटीभर गहू कोणी डब्यात ओतत नाही."

गुड्डीचं म्हणणं, आत्ताच्या आत्ता सगळ्यांना उठवून जाब विचारायचा. देवश्रीने मान हलवली. जाब विचारला की सगळे नाही म्हणतील आणि वर आपलंच पीठ चुकलं असेल म्हणतील. ती खाटेवर विहंगशेजारी जाऊन बसली आणि त्याला सगळं सांगितलं. तो भिंतीकडे तोंड करून ऐकत होता.

"म्हणजे मी नाटक करतो असं वाटलं कोणालातरी," तो हळूच म्हणाला.

"ज्याने घातलं त्याला डब्यात काय आहे ते माहीत आहे," देवश्री म्हणाली. "दुसऱ्या कोणाला माहीत नाही. त्याच्यासमोर तू वॉफल तोंडाजवळ नेलंस, तर तो तुला खाऊ देणार नाही."

"आणि दिलं तर?" गुड्डीने विचारलं.

"तर रविवारची वाट बघायची नाही. मी विहंगला घेऊन त्याच दिवशी बसमध्ये बसेन."

तयारीला आणखी एक दिवस गेला. विहंग उठून भात खायला लागला. देवश्रीने मशीनची वायर काढून जाळीची प्रत्येक खाच ओल्या ब्रशने घासली, पुसली, पुन्हा घासली. मिक्सरचं भांडं, पळी, बशा, सगळं धुतलं. तांदूळ भिजवून नव्याने वाटले. पहिलं वॉफल मशीनमधली उरलीसुरली कणी घेऊन निघेल म्हणून ते विहंगला द्यायचं नाही, असं ठरलं. ते गुड्डीने खाल्लं आणि दुसरंही असंच काढून टाकायचं असेल तर मी आहे, असं सांगितलं.

सकाळी नाश्त्याला सगळे जमले. आत्या, आतोबा आणि आतोबांचे वडील तात्या. गुड्डीही येऊन ओट्याशी उभी राहिली होती. देवश्रीने वॉफलची बशी विहंगसमोर ठेवली. पिठाचा तो डबा तिने मुद्दाम ओट्यावर उघडा ठेवला होता, आत चमचा खोचून. पीठ त्यातलंच का, असं कोणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

"अगं, आजचा दिवस तरी मऊ भात दे त्याला," आत्या म्हणाली. पोटाला विश्रांती हवी, असं तात्यांनीही सांगितलं. पण दोघं बोलले ते नेहमीच्या काळजीने. कोणी जागचं हललं नाही.

आतोबांनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांनी एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा बशीकडे. कशाला हट्ट करायचा, राहू दे, असं काहीतरी ते पुटपुटले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

विहंगने तुकडा मोडला. उचलला. हनुवटीपर्यंत नेला. ओठांपर्यंत नेला.

आतोबांचा हात असा काही आला की तुकडा एकीकडे गेला आणि बशी दुसरीकडे.

"नको खाऊ! गहू आहे त्यात!"

बशी फरशीवर गरगरत राहिली.

"तुम्हाला कसं ठाऊक?" आत्याने विचारलं.

आतोबा खाली बसले. मग एकेक शब्द ओढून काढावा तसं बाहेर आलं. विहंगच्या मनातून ही भीती काढायची होती त्यांना. त्याला नकळत गहू खाऊ घालायचा, आणि काही झालं नाही की सगळ्यांसमोर हसून सांगायचं, बघ, खाल्लास ना, मोकळा झालास. पोराच्या भल्यासाठीच केलं होतं. पण तो ओकायला लागला आणि यांची जीभच टाळ्याला चिकटली.

"वाटीभर तर होतं," ते म्हणाले. "इतकं होईल असं वाटलं नव्हतं, बेटा."

देवश्रीला वाटलं होतं, चोर सापडला की राग उतरेल. तो वाढला.

"आतोबा, सोमवारी तुमच्या साबुदाण्यात वाटीभर पोहे कोणी मिसळले तर?"

"उपास मोडेल," ते सवयीने म्हणाले.

"चिमूटभर मिसळले तर?"

त्यांनी फरशीवरची बशी उचलून बाजूला ठेवली.

"चमचासुद्धा वेगळा लागतो तुम्हाला. आत्या उपासाचा डबा वरच्या फळीवर ठेवते, कोणी हात लावत नाही. बरोबरच आहे. तुमचा उपास मोडला तर पुढच्या सोमवारी पुन्हा धरता येतो. याची आतडी पुन्हा कधी धरायची? तो कळा सोसत होता आणि तुम्ही दारात उभे होतात. तुम्हाला माहीत होतं. मला आत्या बोलली, तुम्ही ऐकलंत. आई मला काय म्हणाली तेही ऐकलंत. आणि वर म्हणालात, पोरीचे प्रयोग."

तिचा आवाज चढला नव्हता. आत्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. चुकलं माझं, न विचारता तुला बोलले, असं ती म्हणाली. तिचे डोळे संतापाने भरून आले होते, आणि तो संताप यजमानांवर होता.

मग तात्यांनी विचारलं, कसं शोधलंस हे? गुड्डीने फडकं आणून तीन वाट्यांचा सगळा प्रकार सांगितला. तात्यांनी वाळलेल्या तारा बोटांत धरून पाहिल्या.

"शाबास," ते म्हणाले. "तिघांनाही. आमची हयात गेली गव्हात, पण असा धुऊन कधी पाहिला नव्हता. तुमच्या आईला सांगायला हवं, मुलगी किती..."

"मला शाबासकी नको, तात्या," देवश्री म्हणाली. "आईला आतोबांनी सांगायचं. आत्ता. सगळ्यांसमोर."

आतोबांनी तात्यांकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं. कोणी सोडवायला आलं नाही. त्यांनी फोन लावला. दोनदा घसा खाकरला आणि मग काहीही न गाळता सांगितलं. नंतर बराच वेळ पलीकडून आईच बोलत होती आणि हे नुसते हो, हो, म्हणत होते. शेवटी त्यांनी फोन देवश्रीपुढे धरला.

"देवू," आई म्हणाली, "मी तुला तसं विचारायला नको होतं गं."

देवश्रीला आता मात्र रडू आलं. ती पाठ फिरवून खिडकीशी गेली. परत आली तेव्हा आतोबा विहंगसमोर उकिडवे बसले होते.

"तू नाटक करत नव्हतास," ते म्हणाले.

"मी कधीच करत नव्हतो," विहंग म्हणाला. मग त्याने फरशीवरच्या तुकड्याकडे पाहिलं. "ते तांदळाचं होतं. तुम्ही सांडलंत. मला दुसरं पाहिजे."

"मी करून देतो. देवू, शिकवशील मला?"

देवश्रीने त्यांच्या हातांकडे पाहिलं. सकाळीच मंडीत एक फेरी मारून आले होते ते. नखांत आणि मनगटावरच्या केसांत गव्हाची धूळ होती.

"आधी हात धुवा. कोपरापर्यंत. नखंपण."

आतोबा मुकाट्याने मोरीवर गेले. बराच वेळ पाण्याचा आणि साबण घासल्याचा आवाज येत राहिला. मग ते दोन्ही हात पुढे धरून आले. देवश्रीने ते उलटसुलट करून पाहिले, नखांपाशी जरा जास्तच वेळ.

"परत एकदा," ती म्हणाली.

आतोबा परत मोरीकडे वळले.