गोंग कुठून पडला?

विमानवाहू जहाजाच्या लिफ्टचा फलाट खाली हँगरच्या, म्हणजे विमानं ठेवायच्या दालनाच्या, जमिनीला टेकलेला होता आणि त्यावर मुख्य अभियंता गोंग शाओयान उताणा पडला होता. डोळे उघडे. डोक्याखालचं रक्त काळं पडायला लागलं होतं.

"अपघात आहे," सुरक्षाप्रमुख ल्वान म्हणाला. "विमानं वर नेतो तो हा फलाट. धुक्यात हा डेकवरून चालत आला, फलाट खाली आहे हे दिसलं नाही, पडला. कागद तयार आहे. सही करा आणि निघा, च्यूबाई."

च्यू यिंगलान दालियान शहर पोलिसांची तपास अधिकारी होती. मेलेला माणूस नौदलाचा नव्हता, गोदीचा नोकर होता, म्हणून कायद्याने तिला बोलवावंच लागलं होतं. पण ती आलेली कुणालाच आवडलेली नव्हती. फाटकावर तिचा फोन काढून घेतला होता. जहाजाच्या शिडीवर तिला मुद्दाम ताटकळत ठेवलं होतं.

ती गुडघ्यावर बसली. गोंगच्या बुटांच्या तळव्यांना गंजाची तांबूस भुकटी लागलेली होती, बाकी तळवे स्वच्छ. उजव्या हाताची बोटं ग्रीसने काळी.

"हात कशाने काळे झाले?"

"जहाजावर कुणाचे गोरे असतात?"

"हा रोज डेकवर जायचा?"

"जायचा. कुणाला सुखाने जगू द्यायचा नाही." ल्वानने आवाज उतरवला. "आणि एक ऐका. त्याच्या कपाटात फोटो सापडलेत, याच लिफ्टचे. बाहेरच्या देशांना माहिती पुरवत होता हा. माझी माणसं त्याच्या घराची झडती घेतायत. पडला की उडी टाकली, मला फरक पडत नाही."

"मला पडतो," च्यू म्हणाली आणि शिडीकडे वळली.

डेकवर दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. ती डेकवरच्या मनोऱ्याच्या पायथ्यापासून लिफ्टच्या रोखाने निघाली, आणि तिचा बूट कशात तरी रुतला.

"ए बाई, पाय काढ तो." धुक्यातून एक रंगारी थापी हातात घेऊन आला. "डोळे फुटलेत का? दोर बांधलाय तो शोभेला?"

दोर होता. ओला, करडा, डेकच्याच रंगाचा. तिने तो ओलांडला होता.

"काय आहे हे?"

"खरखरीत लेप. विमानाचं चाक घसरू नये म्हणून. काल दुपारी मारलाय, आणि या मेल्या धुक्यात परवापर्यंत सुकायचा नाही. आता हा तुमचा खड्डा बुजवायचा मी."

"सगळीकडे मारलाय?"

"लिफ्टच्या तोंडाभोवती. तिन्ही बाजूंनी. चौथीकडे समुद्र आहे, तिथे मारू?"

तिने पाय उचलला. तळव्याला करडा चिखल चिकटला होता. तिने लेपाकडे नीट पाहिलं. करडा पट्टा थेट कडेपर्यंत गेला होता, आणि त्यात तिच्या बुटाचा खड्डा होता. रंगारी शिव्या देत तो बुजवायला बसला. ती खाली उतरली.

संचालक पू ग्वोचोंगने तिला खुर्ची दिली नाही.

"सात दिवसांनी जहाज समुद्रात जाणार आहे," तो म्हणाला. "बीजिंगहून माणसं येतायत. आपलं पहिलं जहाज दुसऱ्याच्या जुन्या सांगाड्यावर उभं केलं, जगाने टिंगल केली. हे खिळ्यापासून आपलं आहे. यानंतर तिसरं, चौथं. आणि तुम्ही मला मढ्याबद्दल विचारताय."

"गोंगना जहाज जायला नको होतं?"

"फलाट वर गेला की त्याला चार पोलादी खिट्या तोलून धरतात. त्यातल्या एकीला तडा आहे असं त्याचं म्हणणं होतं. तपासणीत काही निघालं नाही. नव्या खिट्या ओतायच्या म्हणजे एक वर्ष गेलं."

"तुम्ही सकाळी कुठे होता?"

"फाटकावर. क्रेनच्या ठेकेदाराशी भांडत होतो. अख्ख्या पाळीने ऐकलंय."

"गोंगशीही भांडायचात?"

"रोज. तो मेला म्हणून मी रडणार नाही, हेही लिहून घ्या."

मियाओ छिंग ही गोंगच्या हाताखालची जोडकामाची तपासनीस. तिचे डोळे सुजले होते, पण आवाजाला धार होती.

"त्यांना देशद्रोही ठरवायला आलात ना? ठरवा. मला कशाला विचारता?"

"ते फोटो कसले होते?"

"तड्याचे. काढताना बॅटरी मीच धरली होती. संचालकांना दाखवले, त्यांनी पाहायचं टाळलं. आता म्हणे ते हेरगिरीचे फोटो."

"शेवटचं कधी पाहिलंत त्यांना?"

"न्याहारीला. वाफवलेला पाव अर्धा टाकून उठले. म्हणाले, वर जाऊन येतो, आज त्याला दाखवतोच."

"कुणाला?"

"संचालकांना. दुसरं कोण ऐकत नव्हतं?"

"आणि वर म्हणजे?"

"डेकवर. रोज जायचे. मी सोबत जाते म्हटलं, तर नको म्हणाले."

शेवटचा आला शांग वेईचुन. नौदलाचा वैमानिक, आधीच्या जहाजावर विमान उतरवलेल्या मोजक्यांपैकी एक. केस कानशिलांवर पिकलेले, बूट आरशासारखे. दर रविवारी गोंगबरोबर बुद्धिबळ मांडून बसणारा तोच.

"गोंग देशद्रोही नव्हता," बसायच्या आधीच तो म्हणाला. "तुमच्या कागदावर तो शब्द दिसला तर मी तुमची वर तक्रार करीन."

"बरं. शेवटचं कुणी पाहिलं त्यांना?"

"मीच. मी काल रात्री उशिरा तळावरून आलो. सकाळी डेकवर फिरायला गेलो. मनोऱ्याच्या पायथ्याशी उभा होतो, तेव्हा तो माझ्यासमोरून लिफ्टकडे गेला. हाक मारली. त्याने ऐकलं नसावं. मग आवाज आला."

"तुम्ही काय केलंत?"

"धावलो. कडेवरून वाकून पाहिलं. मग शिडीने खाली उतरलो. तोवर हँगरमधली माणसं जमली होती."

"पहिलं विमान तुम्हीच उतरवणार ना या जहाजावर?"

"शरदात."

"वर्षभर लांबलं असतं तर?"

शांग हसला, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "तर दुसऱ्या कुणीतरी उतरवलं असतं. माझ्या वयाच्या माणसाला डॉक्टर दर वर्षी नवीन काहीतरी शोधून काढतात. याचा इथे काय संबंध?"

"सवयीने विचारते," च्यू म्हणाली.

तिने मियाओला बरोबर घेतलं. हँगरच्या भिंतीवर, लिफ्टच्या तोंडाशी, डेकच्या जरा खाली एक लोखंडी सज्जा होता. खिट्या तपासायला माणसं तिथे चढत. सज्ज्यावर पाऊल पडताच गंज भुकटीसारखा उडाला. च्यूने खाली वाकून पाहिलं. बरोबर खाली फलाट होता, आणि त्यावरचा रक्ताचा डाग.

"तडा कुठल्या खिटीला?"

मियाओने बॅटरी धरली. ग्रीस बोटांनी पुसून काढलेलं होतं, आणि उघड्या पोलादात केसाएवढी काळी रेघ दिसत होती.

"हे आज कुणीतरी पुसलंय," मियाओ म्हणाली. "मी ग्रीस पुन्हा लावून ठेवलं होतं."

च्यूने सज्ज्याचा कठडा हलवून पाहिला. तो छातीपर्यंत येत होता आणि पक्का होता.

तिने सगळ्यांना फलाटापाशी बोलावलं. प्रेत हलवलं होतं. संचालक पू घड्याळ बघत आला, ल्वान हातात तोच कागद घेऊन आला. शांग जरा बाजूला उभा राहिला.

"गोंग डेकवरून पडले नाहीत," च्यू म्हणाली.

"झालं सुरू," ल्वान म्हणाला.

"लिफ्टच्या तोंडाभोवती काल दुपारपासून ओला लेप आहे. तो ओलांडल्याशिवाय कडेला पोचता येत नाही. मी एक पाऊल टाकलं, हा पाहा माझा बूट." तिने तळवा दाखवला. "गोंगच्या तळव्यांना करड्याचा ठिपकासुद्धा नव्हता. होती ती गंजाची भुकटी, आणि बोटांना ग्रीस. दोन्ही त्या सज्ज्यावरचं आहे. ते तिथे चढले, खिटी पुसली, तडा उघडा केला आणि तिथून खाली आले. छातीएवढ्या कठड्यावरून माणूस चुकून पडत नाही. आणि उडी टाकणारा आधी खिटी पुसत बसत नाही."

पूने घड्याळाकडे बघणं थांबवलं. "म्हणजे कुणीतरी ढकललं."

"हो. न्याहारीवरून उठताना ते म्हणाले होते, आज त्याला दाखवतोच. मियाओंना वाटलं, तुम्हाला. पण तुम्ही फाटकावर होता, आणि तुम्हाला फोटो आधीच दाखवून झाले होते. ज्याला दाखवायचं होतं त्याने तडा पाहिलेला नव्हता. काल रात्रीच आलेला माणूस. ज्याचा शब्द नौदलात चालला असता, ज्याने नाही म्हटलं असतं तर जहाज थांबलं असतं."

ती शांगकडे वळली.

"तुम्ही म्हणालात, गोंग तुमच्यासमोरून लिफ्टकडे गेले. तुम्ही मागून कडेपर्यंत धावलात, वाकून पाहिलंत. दोन माणसं त्या लेपावरून गेली असती तर तो नांगरल्यासारखा दिसला असता. त्यात माझा एकटीचा खड्डा होता. आणि तुमचे बूट मघापासून चमकतायत. लिफ्टच्या कडेपाशी तुम्ही आज पाऊलच ठेवलेलं नाही. लेपाचं तुम्हाला ठाऊक नव्हतं, म्हणून ती गोष्ट रचलीत."

"शांग, सांग हिला," पू म्हणाला. "बोल काहीतरी."

शांगने आपल्या बुटांकडे पाहिलं.

"त्याने मला वर नेलं," तो म्हणाला. "ग्रीस पुसून म्हणाला, हे बघ, आता तूच नाही म्हण. तुझं ते ऐकतील. मी म्हटलं, एक शरद निघू दे रे, मग बदल हव्या तेवढ्या. वीस वर्षं वाट पाहिली मी. तो म्हणाला, तुझी हौस भागवायला मी पोरं मारू का? तू म्हातारा झालास, घरी बस." त्याने श्वास घेतला. "घरी बस म्हणाला. मी त्याची कॉलर धरली. एवढंच करायचं होतं मला. तो हलका होता हो. फार हलका."

"कठड्यावरून नुसत्या कॉलरने कुणी जात नाही," च्यू म्हणाली.

"नाही," शांग म्हणाला. "नाही जात."

मियाओ पुढे आली. तिने त्याच्या तोंडावर थुंकावं तसं म्हटलं, "तडा पाहिलात ना?"

"पाहिला."

"खरा आहे ना?"

"खरा आहे." तो पूकडे वळला. "त्या लिफ्टवर विमान चढवू नका. माझ्या पथकातली पोरं आहेत ती."

"तुझी जीभ सकाळी कुठे गेली होती?" पू म्हणाला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. आता हे बीजिंगला सांगायचं त्याच्याच नशिबी होतं.

नौदलाच्या माणसाला बेड्या घालायचा अधिकार च्यूला नव्हता. नौदलाची गाडी आली तेव्हा ल्वान स्वतः शांगला शिडीपर्यंत घेऊन गेला. जाताना त्याने हातातला कागद चुरगळला, पण च्यूकडे पाहिलं नाही. तिचा फोन फाटकावर परत मिळाला. माफी कुणी मागितली नाही.

संध्याकाळी ती गोंगच्या घरी गेली. दार त्याच्या बायकोने उघडलं, साखळी न काढता. मागे खोलीत कपडे, भांडी, पुस्तकं झडतीत जशी फेकली होती तशीच जमिनीवर पडली होती.

च्यूने सगळं सांगितलं. कुणी मारलं, का मारलं, आणि जहाज आता थांबलंय हेही. शेवटी म्हणाली, "त्यांच्यावर कसलाही आरोप राहिलेला नाही. ते देशद्रोही नव्हते."

बाईने फटीतून तिच्याकडे पाहिलं.

"एकतीस वर्षं मी त्यांच्याबरोबर राहिले," ती म्हणाली. "आणि हे मला तुम्ही सांगणार?"

तिने दार लावून घेतलं.