मागच्या मालकिणीचा टेप

तो ट्रॅक्टरचा टेप आधी बंद कर रे. ट्रक यायला अजून अवकाश आहे. या इकडे, शेकोटीजवळ सरका. गाण्याचं मला वावडं नाही, पण अंधारात गाडीतून बाईच्या आवाजातलं गाणं आलं की मला मळमळतं. भीती म्हणत नाही मी. किळस येते. का येते ते ऐका. ज्याच्यावर बेतलं त्या कुंदनचं घर माझ्या घराला लागून आहे, भिंतीला भिंत. त्याच्याकडून ऐकलं, त्याची आई लताबाई हिच्याकडून वेगळं ऐकलं, आणि दोघांच्या सांगण्यात तिळाएवढा फरक नाही.

कुंदन आपल्यासारखाच केळीतला माणूस. रावेरच्या बाजूला त्याचं पॅकिंगचं काम चालतं. मोटरसायकलवर फिरून कंटाळला, तेव्हा धुळ्याहून एक जुनी गाडी घेऊन आला. लोटन नावाच्या माणसाने ती विकली. गाडी बरी होती, पण कुंदन भुलला तो गाडीला नव्हे, तिच्या टेपला. डॅशबोर्डात बसवलेला, निळ्या दिव्याचा, सीडी गिळणारा टेप. लोटनने दारं लावून घेतली, आवाज चढवला आणि म्हणाला, "भाऊ, बठ्ठं ओरिजिनल शे. असा आवाज आते नवी गाडीमा बी भेटाव नही." असा आवाज आता नव्या गाडीतही मिळणार नाही म्हटल्यावर तिथेच सौदा झाला.

पुढे महिनाभर चौकात चहा प्यायला बसलं की कुंदनचं तेच पुराण. ढोल कसा छातीत येऊन बसतो. मागच्या सीटवर आवाज कसा भरून येतो, जणू वाजवणारा तिथेच बसलाय. खोडीही सांगायचा. धुळ्याचा रेडिओ पारोळ्याच्या पुढे धरत नाही, मोबाईल जोडायची सोय नाही, सीडी आत घेतली की बराच वेळ नुसता कुरकुरतो आणि मनात आलं तरच वाजवतो. आम्ही म्हणायचो, अरे मग काढून टाक ते खोकं. तर त्याला राग यायचा. नव्या नवरीबद्दल बोललं तर येतो तसा.

पण एक गोष्ट तो चौकात सांगत नव्हता. ती त्याने मला नंतर सांगितली. त्या टेपातून सीडी बाहेर आली की ओलसर लागायची. कोमट आणि ओलसर. पुसली तर फडक्याला वास यायचा, आणि तो वास त्याला ओळखीचा वाटायचा पण आठवायचा नाही. एकदा आठवला. बाळंतिणीच्या खोलीचा वास. शेपा, ओवा, धुरी, आणि त्या सगळ्याच्या खाली काहीतरी आंबलेलं. त्याने अत्तराची बाटली आणून टांगली. मग अत्तर आणि तो वास दोन्ही मिळून असे काही झाले की एके दिवशी जेवण करून गाडीत बसला आणि तसाच उतरून गटाराकाठी ओकला.

आणि सीडी नसताना टेप गुणगुणायचा. किल्ली काढलेली असताना. शब्द नाहीत, नुसतं हूं हूं.

शेवटी त्याने लोटनला फोन लावला. लोटन आधी टाळत होता. मग म्हणाला, "भाऊ, तुमनापन काय लपाडू. गाडी जेनी व्हती, तेनी बायकोनं तो टेप हौसखाल बसाडेल व्हता. शिरपूरकडथीन तिले डिलिव्हरीले लई चालले व्हतात. वाटमाच, मांगनी सीटवर… पोरगं आधीच गयं. आन मंग बाई गई. गाणं चालूच व्हतं म्हनतस." म्हणजे टेप हौसेने बसवणारी ती बाई, बाळंतपणाला नेताना वाटेतच त्या मागच्या सीटवर आधी तिचं पोर गेलं आणि मग ती.

आता माणसाने काय करावं? टेप काढून नदीत टाकावा, गाडी परत करावी, निदान घरात सांगावं. कुंदनने काहीही केलं नाही. आवाज सोडवेना त्याला. आणि त्याची स्वतःची बायको, भूमिका, तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माहेरी धुळ्यालाच होती, तर घरात असलं अभद्र कशाला बोला, असा विचार त्याने केला. मला त्या टेपापेक्षा या गोष्टीची चीड जास्त येते.

भूमिकाला मुलगा झाला. सव्वा महिना झाल्यावर सासरी आणायचं ठरलं. सालही सांगतो. दोन हजार तेवीस, डिसेंबरची सतरा तारीख, रविवार. अमावास्या वगैरे काही नाही, चांगली मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, लताबाईंनी पंचांग बघून काढलेली. बाळाचं नाव अजून ठेवलं नव्हतं, बारसं घरी येऊन करायचं होतं. निघायचं होतं उन्हात, पण माहेरच्यांनी भरीत-पुरीचा घाट घातला, एकेक मावशी काकू बाळाला बघायला येत राहिली, आणि गाडी धुळ्यातून निघाली तेव्हा चांगलाच अंधार पडला होता. कुंदन चालवायला. मागे भूमिका, तिच्या मांडीवर बाळ, शेजारी लताबाई. बाळाच्या कपाळाला तीट, दुपट्यात अडकित्ता. सगळं रीतसर. कुंदनने टेपला हात लावला नाही. वर रुमाल टाकून ठेवला होता.

पारोळा गेलं. एरंडोलला चहाला थांबले तेव्हा भूमिकाने बाळाला पाजलं. तिथून निघाले, आणि बाळ रडायला लागलं.

साधं रडणं नव्हे. पाठीची कमान करून, श्वास कोंडून. भूमिकाने पाजायचं बघितलं, घेईना. लताबाईंनी पोट चोळलं, ओवा चावून टाळूवर फुंकर घातली. काही नाही. जळगावचे दिवे आले आणि मागे गेले, पोर रडतंच आहे. आणि मग रुमालाखाली निळा उजेड लागला.

हूं… हूं… हूं…

बाळ गप्प झालं.

"बरं केलं बाप्पा," लताबाई म्हणाल्या. "राहू दे ते गानं. निजतो हाये."

 कुंदनने रुमाल ओढला आणि बटण दाबलं. टेप बंद झाला. त्याच क्षणी बाळाने अशी किंकाळी फोडली की भूमिका दचकली. ओठ काळेनिळे पडायला लागले. "बंद नका ना करू," ती म्हणाली. "अहो, लावा ना."

त्याने लावला नाही. तो आपोआप लागला. बाळ शांत.

असं भुसावळपर्यंत. तापीचा पूल ओलांडला. मागे दोघी खुशीत, बाळ झोपलं म्हणून हळू आवाजात बोलतायत. भूमिका म्हणते, आवाज किती गोड आहे हो या बाईचा, कोण आहे ही? आणि कुंदन पुढे दात आवळून बसलेला. त्याच्या नाकात तो वास चढत होता. शेपा. ओवा. धुरी. खाली ते आंबलेलं. सांगावं तर त्या घाबरतील. न सांगावं तर… तो गाडी पळवत राहिला. त्याचं एकच चाललं होतं, घर येऊ दे.

सावदा सोडलं. दोन्ही बाजूंनी केळीचे बाग लागले. रस्त्यावर दुसरी गाडी नाही. आणि गुणगुणणं थांबलं.

आवाज थांबला नव्हता. बदलला होता.

चुक्… चुक्… चुक्…

चारही स्पीकरमधून. ओला. जवळचा. पोर अंगावर पितं ना, तसा. मधेच थांबून गिळल्याचा घोट. पुन्हा चुक्… चुक्… मला हे सांगतानाही तोंडाला पाणी सुटतं, ते ओकारीच्या आधी सुटतं ना, ते पाणी.

भूमिकाने खाली बघितलं.

बाळाचं तोंड तिच्याकडे नव्हतं. ते दुसरीकडे वळलेलं होतं. सीटवरच्या रिकाम्या जागेकडे. आणि ओठ हलत होते.

"आई… हात गार पडलेत याचे."

लताबाईंनी चाचपलं. पाय गार. पोट गार. डोळे अर्धे उघडे. त्यांनी बाळाला छातीशी ओढलं. ओठ हलतच राहिले.

"कुंदन," त्या म्हणाल्या. "काय हाये ह्या गाडीत? खरं सांग."

त्याने सांगितलं. चालवता चालवता, रडत रडत, सगळं. शिरपूर, मागची सीट, बाई, तिचं पोर.  लताबाई शिव्या घालत बसल्या नाहीत. काचेतून बाहेर बघत होत्या. एका गावाची वेस आली, रस्त्याच्या कडेला उकिरडा.

"गाडी उभी कर."

हसू नका, ऐका. लताबाईंच्या नवऱ्याचं नाव उखर्डू. तुम्ही पोरं असल्या नावांना हसता. त्याच्या आईची तीन लेकरं पाठोपाठ गेली. हा चौथा जन्मला तेव्हा तिने त्याला उकिरड्यावर नेऊन लोळवला. घाणीत माखलेलं लेकरू मरणालाही नकोसं होतं म्हणून. आणि तो जगला. लताबाईंनी ही गोष्ट सासूकडून ऐकलेली होती. कधी करायची वेळ येईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

मोबाईलच्या उजेडात तिघं उतरली. सडलेली केळी, शेण, राख, कुजकी पानं, कोंबडीची पिसं. वास असा की नाक फाटावं. गाडीची दारं उघडी होती. आतून आवाज येतच होता. चुक्… चुक्…

लताबाईंनी दुपटं सोडलं आणि नातवाला त्या घाणीत ठेवला. लोळवला. सडक्या केळ्याचा लगदा हाताने घेऊन त्याच्या तोंडाला, छातीला फासला. भूमिका धावली, तिला त्यांनी एका हाताने अडवलं.

"आता तू म्हन. नको मले हा. मायनंच म्हनायचं असतं."

"मी… नाही म्हणणार."

"म्हन वं माय. आन खोटं म्हनू नको. तिले कयतं, त्या गाडीतल्या बाईले."

भूमिका ही स्वच्छतेची इतकी भोक्ती, की बाळाला घ्यायच्या आधी पाहुण्यांना हात धुवायला लावणारी. ती वाकली. उजेड बाळाच्या तोंडावर पडला. काळा लगदा. नाकपुडीत शेण. गालावरून एक पांढरी अळी चालली होती, ओठाकडे.

तिला भडभडून आलं. तिथेच ओकली. आणि ओकता ओकता म्हणाली, "शी… नको… नको मला हा… घाणेरडा…"

ते खोटं नव्हतं. कुंदन सांगतो, माझ्या बायकोचा तसा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. पोटच्या पोराची शिसारी आलेली आई. त्या रात्रीतलं सगळ्यात वाईट ऐकलेलं हेच, असं तो म्हणतो.

गाडीतला आवाज थांबला.

सगळं गप्प. केळीचं पानही हलेना.

मग आत… थू. कुणीतरी तोंडातलं टाकावं तसं. टेपाच्या फटीतून एक सीडी अर्धी बाहेर आली. कुणी न घातलेली.

आणि उकिरड्यावर बाळ रडलं. साधं, मोठं, भुकेल्या पोराचं असतं तसं.

कुंदनने चाक बदलायचा पाना घेतला आणि तो टेप खोबणीतून उचकटून काढला. वायरी तुटल्या, हाताला काच लागली. सीडीसकट त्याच घाणीत फेकून दिला. डॅशबोर्डात भोक घेऊन ती गाडी घरी आली.  भूमिकाने बाळाला उचलून घेतलं होतं, तसंच माखलेलं, आणि तोंड त्याच्या जावळात खुपसून बसली होती. तिला आता वास येत नव्हता.

घरी लताबाईंनी बंब पेटवला. बाळाला चोळून चोळून धुतलं, पुन्हा धुतलं. ऊब आली, रंग आला. उखर्डू आबांनी देवापुढे दिवा लावला. जीव भांड्यात पडला सगळ्यांचा. भूमिकाने बाळाला पदराखाली घेतलं.

बाळाने तोंड फिरवलं.

पुन्हा घेतलं. पुन्हा फिरवलं. एरंडोलपासून त्याला आईचा थेंब मिळाला नव्हता. पोट मात्र तट्ट.

लताबाईंनी त्याला खांद्यावर टाकलं आणि पाठ थोपटली. बाळाने ढेकर दिली. त्यांच्या पदरावर थोडं दूध आलं. त्यांनी ते बोटावर घेतलं… दिव्याजवळ नेलं.

भूमिकाचं दूध आता सव्वा महिन्याचं. पांढरं, पातळ.

हे पिवळं होतं. घट्ट. बोटाला तार धरणारं. नुकत्या बाळंत झालेल्या बाईला पहिल्या दिवशी येतं… ते.

लताबाईंनी बोट पदराला पुसलं. भूमिकाने पाहिलं होतं. 

बाळ झोपलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याने दूध मागितलं नाही.